वारा तुम्हीच सांगा

१

दुपारी दोनला माझी पाळी सुरू होते. एकशे सहा पायऱ्या चढून टॉवरच्या खोलीत आले, की डबा कपाटावर ठेवायचा, हेडफोन चढवायचा आणि मग धावपट्टीकडे बघायचं, असा माझा क्रम आहे. खोली आठ कोनांची, सगळीकडून काचेची. मधे लांब टेबल. टेबलावर दोन माइक, दुर्बीण, वाऱ्याचा वेग नॉटमध्ये दाखवणारं मीटर आणि चिठ्ठ्यांची चौकट.

चौकटीचं आधी सांगते. येणाऱ्या प्रत्येक विमानाची एक कागदी चिठ्ठी असते, वीतभर लांब, दोन बोटं रुंद. तिच्यावर विमानाचा क्रमांक आणि वेळ. चिठ्ठ्या चौकटीत एकावर एक रचायच्या. सगळ्यात खालची म्हणजे सगळ्यात आधी उतरणारं विमान. त्या चिठ्ठीवर बोट ठेवायचं, मीटर वाचायचं आणि बटण दाबून म्हणायचं: क्रमांक अमुक, वारा इतक्या अंशांवरून, इतके नॉट, उतरायला मोकळं आहे. विमान टेकलं की चिठ्ठी बाहेर. आमची सगळी विद्या ती एवढी. ती शिकायला मी चार वर्षं समुद्रापलीकडे राहिले. तिथे नोकरीही मिळत होती, पण तिथे सगळं आधीच नीट चाललं होतं. मला घरी यायचं होतं. इथे करण्यासारखं पुष्कळ आहे असं मी तिथल्या सगळ्यांना इतक्या वेळा सांगितलं होतं, की शेवटी त्यांनीच मला विमानात बसवून दिलं.

आमची धावपट्टी दक्षिणोत्तर आहे आणि वर्षातले चार महिने वारा पश्चिमेकडून येतो. म्हणजे बरोबर आडवा. अशा वाऱ्यात विमान धावपट्टीकडे तोंड करून येतच नाही. ते वाऱ्याकडे तोंड करतं आणि खेकड्यासारखं तिरकं सरकत येतं. टॉवर पश्चिमेला, त्यामुळे त्या मोसमात उतरणारं प्रत्येक विमान आमच्याकडे बघत खाली येतं. शेकडो माणसं पोटात घेऊन एवढं मोठं धूड आपल्याकडे बघत येतंय आणि आपल्याकडे येत मात्र नाही, हे पहिल्यांदा बघणारा दोन पावलं मागे सरतो. जमीन हातभर राहिली की पायलट पायाने सुकाणू दाबतो, नाक वळून सरळ होतं, वाऱ्याच्या बाजूचं चाक आधी टेकतं, मग दुसरं. मी ते हजारदा पाहिलं असेल. प्रत्येक वेळी मला टेबलावरून उठून उभं राहावंसं वाटतं.

त्या विमानांतलं एक ताईचं असतं. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, चारशे बारा क्रमांकाच्या विमानाची कॅप्टन. सत्तर माणसांचं, दोन पंख्यांचं विमान. सव्वाचारला येतं, साडेपाचला परत जातं. उतरताना शेवटचे दहा सेकंद ती माझ्याकडे बघत असते. "तेवढ्यात केस विंचर," असं ती मला फोनवर सांगते. "वरून सगळं दिसतं."

२

येऊन तीन आठवडे झाले तेव्हा मला ती कोरी चिठ्ठी दिसली.

चिठ्ठ्या लिहायचं आणि लावायचं काम भाऊकडे आहे. जमिनीवर फिरणारी विमानंही तोच सांभाळतो. त्याचं खरं नाव टॉवरमध्ये कुणी घेत नाही, त्याची बायकोसुद्धा फोनवर भाऊ आहेत का म्हणून विचारते. चार वाजून दहा मिनिटं झाली की भाऊ चौकटीत सगळ्यात खाली एक चिठ्ठी सरकवायचा. तिच्यावर काही लिहिलेलं नसायचं.

मग मास्तर पुढे व्हायचे. मास्तर आमच्यातले सगळ्यात जुने कंट्रोलर. 'उतरायला हरकत नाही' नव्हे, 'उतरायला मोकळं आहे', असा नव्या माणसाचा शब्द न् शब्द दुरुस्त करतात, म्हणून मास्तर. ते कोऱ्या चिठ्ठीवर बोट ठेवायचे. मीटर वाचायचे. बटण न दाबता, हळू आवाजात म्हणायचे, "मोकळं नाही. फेरी मारून या." चार मिनिटं तशीच जायची. त्या चार मिनिटांत कुणाला उतरू द्यायचं नाही. चार वाजून चौदा मिनिटं झाली की चिठ्ठी बाहेर.

मी पहिल्या दिवशी हसले. जुन्या माणसांचे छंद. दुसऱ्या दिवशी मी धावपट्टीकडे बघत राहिले, आणि मग मला ते दिसलं.

धावपट्टीच्या दोन्ही टोकांना खांबावर वाऱ्याच्या कापडी पिशव्या असतात, केशरी-पांढऱ्या. पश्चिमेचा वारा असला की दोन्ही पूर्वेकडे ताठ. चार वाजून अकरा मिनिटांनी दक्षिणेकडची पिशवी दक्षिणेला वळली आणि उत्तरेकडची उत्तरेला. दोघी एकमेकींकडे पाठ करून फुगल्या. मधून काहीतरी जाताना गर्दीने बाजूला व्हावं, तशा. वीस सेकंद. मग पुन्हा दोन्ही पूर्वेला.

"गेलं," असं मास्तर म्हणाले आणि चहाकडे वळले.

मी घरी येऊन वही काढली. वरून थंड हवेचा झोत जमिनीवर आदळला, की तो चारी बाजूंना पसरतो. दोन पिशव्या उलट दिशांना वळू शकतात. मला हे आकृतीसह ठाऊक होतं. फक्त झोत घड्याळ बघून येत नाहीत. मी वहीत लिहिलं: समुद्र, डोंगरातली खिंड, दुपारचं ऊन, रोज तीच वेळ. शक्य आहे. 'शक्य आहे'खाली दोन रेघा मारल्या आणि बऱ्यापैकी झोपले.

३

"मास्तर, ही चिठ्ठी कशासाठी?"

"जागा ठेवायला."

"कुणासाठी?"

"ज्याची असेल त्याच्यासाठी. माझ्या आधीचे ठेवायचे. ते कुणाला विचारत नसत, म्हणून मीही विचारलं नाही."

"मी बारा वर्षं लावतोय," भाऊ मधेच म्हणाला. "एकदाही विचारलं नाही. बघा, अजून नोकरीत आहे."

"पण तिच्यावर ना नाव, ना क्रमांक!"

"म्हणून तर उतरू देत नाही," मास्तर म्हणाले. "क्रमांक असता तर कशाला अडवलं असतं?"

"आणि बोलताना बटण का दाबत नाही?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "बटण दाबलं तर ऐकू जाईल."

मला राग आला, हे कबूल करते. भीती नाही, राग. रोज चार मिनिटं भरलेली विमानं डोंगरापाशी गोल फिरत राहतात, कुणाचं पोर रडतं, कुणाला उलटी होते, आणि हे सगळं एका कोऱ्या कागदासाठी. मी तीन पानांचा अहवाल लिहिला. 'भयापोटी पाळलेली प्रथा आणि प्रवाशांचा हक्क' असे शब्द त्यात होते. आज आठवलं की कान गरम होतात. मास्तरांनी तो पूर्ण वाचला, तिसऱ्या पानावरच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि परत दिला. मोठ्या साहेबांनी एका आठवड्यात मंजूर केला.

ताई खूश झाली. "वा ग शहाणे! रोज मला त्या डोंगराला प्रदक्षिणा घालायला लावता. आता सरळ आत?"

"सरळ आत."

"मास्तर रुसले असतील."

"रुसले नाहीत. भाऊला म्हणाले, चिठ्ठी लावू नकोस. मला म्हणाले, तोंडाला लगाम ठेव."

"ते तर आई पण म्हणते," ताई म्हणाली.

४

नव्या पद्धतीचा पहिला दिवस गुरुवारी होता. मास्तर रजेवर होते. अक्कलदाढ काढायची होती. ती या वयात कशी उरली यावर भाऊने दुपारपासून तीन विनोद केले होते.

दोन वाजता वारा अठ्ठावीस नॉट होता. तीनला एकतीस. साडेतीनपासून मधेच अडतीसचे झोत येऊ लागले. ताईच्या विमानाला आडवा वारा पस्तीसपर्यंत चालतो. पुढे पायलटने उतरू नये असं पुस्तक सांगतं. काचा गुणगुणत होत्या. छतावरच्या तारेतून एक बारीक शीळ सतत येत होती, आणि ती इतकी सतत होती की ऐकू येईनाशी झाली होती. पश्चिमेचं ऊन डोळ्यांत येतं म्हणून मागच्या बाजूचे पडदे खाली ओढलेले होते.

खालच्या हवामान खात्यातून फोन आला. पर्यायी विमानतळावर त्रेचाळीस नॉट. तिथे कुणीच उतरू शकत नव्हतं.

हिशेब सरळ होता. ताईकडे इथे दोनदा प्रयत्न करण्यापुरतं इंधन होतं. दोन्ही वेळा जमलं नाही, तर तिला जायला जागाच नव्हती. विमानात अडुसष्ट प्रवासी होते. तिच्यासकट चौघे कर्मचारी धरून बहात्तर माणसं.

एक मालवाहू विमान ताईच्या पुढे होतं. ते चार वाजून नऊ मिनिटांनी तिरकं तिरकं येत, शेवटच्या क्षणी सरळ होऊन, एका चाकावर टेकलं, हललं, सावरलं. मी नकळत उभी राहिले होते. आता ताई. दक्षिणेकडे ढगांखाली तिच्या विमानाचा दिवा दिसायला लागला होता, वाऱ्यात डावी-उजवीकडे होणारा एक ठिपका.

चूक मी इथे केली.

आम्ही डोळ्यांनी कमी आणि हाताने जास्त काम करतो. हात चौकटीकडे जातो, बोट खालच्या चिठ्ठीवर पडतं, तोंड बोलतं. त्या दिवशी मी चिठ्ठी वाचली नाही. ती ताईची असणार हे मला ठाऊकच होतं. माझी नजर त्या दिव्यावर होती. आवाज कापू नये म्हणून मी सगळं लक्ष आवाजावर ठेवलं, आणि क्रमांक म्हणायचा राहिला. मी बटण दाबून म्हटलं:

"वारा दोनशे सत्तर अंशांवरून, तेहतीस नॉट, झोत अडतीस. उतरायला मोकळं आहे."

उत्तरादाखल स्पीकरमध्ये दोनदा आवाज आला. टक्. टक्.

पायलटचे हात गुंतलेले असले की तो बोलत नाही, फक्त दोनदा बटण दाबतो. समजलं, असा त्याचा अर्थ. मी बोट उचललं आणि पहिल्यांदा खाली पाहिलं.

माझ्या बोटाखालची चिठ्ठी कोरी होती.

५

"भाऊ!"

भाऊचा चेहरा चिठ्ठीपेक्षा पांढरा झाला. "हात गेला, मॅडम. चार-दहा झाले आणि... बारा वर्षांचा हात आहे."

तेवढ्यात ताईचा आवाज आला. कामाचा, सपाट. "टॉवर, चारशे बारा. आठ मैलांवर. उतरायची परवानगी मिळेल का?"

"चारशे बारा, आत्ता आपण दोनदा बटण दाबलंत?"

"नाही, टॉवर. आम्ही काही ऐकलंच नाही."

मीटरवर तेहतीस होते. मग सव्वीस. मग अकरा. मग शून्य.

वारा असा पडत नाही. वारा उतरतो तेव्हा धापा टाकत उतरतो, मधेच पुन्हा उसळतो. हा कुणीतरी दार लोटून घ्यावं तसा बंद झाला. छतावरची शीळ थांबली आणि ती इतका वेळ चालू होती हे तेव्हा कळलं. काचा गप्प. माझ्या कपातला चहा दुपारपासून थरथरत होता. त्याच्यावर आता एक साय स्थिर धरली होती.

धावपट्टीच्या दोन्ही बाजूंचं गवत आधी उभं राहिलं. मग ते झोपलं. अलीकडचं आमच्याकडे, पलीकडचं तिकडे, केसांत भांग पाडावा तसं. गवत पुन्हा उठलं नाही. धावपट्टी रिकामी होती. उन्हात डांबर चमकत होतं, पांढरे पट्टे स्पष्ट होते, त्यावर काही नव्हतं.

"मॅडम," भाऊ हळू म्हणाला, "तिकडे झाडं हलतायत."

कुंपणापलीकडे, रस्त्याच्या कडेची झाडं वेड्यासारखी झोडपली जात होती. कुंपणाच्या अलीकडे पान हलत नव्हतं. मधे सुरीने कापल्यासारखी एक रेघ होती.

त्या रेघेच्या पलीकडून बगळ्यांचा एक थवा वाऱ्याशी झगडत आमच्याकडे येत होता. कुंपणापाशी आला आणि सगळा थवा वर वळला. अंधारात भिंत चाचपत जावं तसे ते कशाच्या तरी कडेने चढू लागले. आधी उभे, मग जरा कलत, मग आणखी कलत. एक फार मोठी गोलाई ते आपल्या रांगेने आखत होते. मी मान वर करत गेले. ते धावपट्टीच्या वर आले आणि अजून चढतच होते. मग छप्पर आड आलं.

मी म्हणाले, "झोत आहे. वरून आलेला झोत." माझा आवाज मला परका वाटला. त्या खोलीत इतकी शांतता होती, की शब्द तोंडातून निघून टेबलावर पडल्यासारखे वाटले.

६

"टॉवर, आम्हाला वारा एकदम पडलेला दिसतोय," ताई म्हणाली. तिच्या आवाजात सुटकेचा श्वास होता. "तुमच्याकडे किती?"

नियमाप्रमाणे मला जे दिसतं ते सांगायला हवं. "शून्य."

"वा. धावपट्टी दिसतेय. पाच मैल. येतो आम्ही."

कुणीही आलं असतं. असा वारा पायलट नवसाने मागतो. मागे वादळ, पुढे शांत, सरळ, कोरडी धावपट्टी. माझी चार वर्षांची विद्या सांगत होती, परवानगी दे, हा क्षण गेला तर तेहतीस नॉट पुन्हा येतील आणि तिच्याकडे नंतर एकच प्रयत्न उरेल. आणि माझं बोट, जे मघाशी चिठ्ठीवर होतं, सांगत होतं की तिथे कुणीतरी आहे. मी बोलावलंय.

"चारशे बारा, मोकळं नाही. फेरी मारून या."

"टॉवर, कारण सांगा."

"धावपट्टी मोकळी नाही."

"टॉवर, धावपट्टी रिकामी आहे. आम्हाला पूर्ण दिसतेय. वारा शून्य आहे. इंधनाची स्थिती आपल्याला माहीत आहे."

तीन मैल. पंख्यांची चकाकी दिसत होती. त्या दिवशी पहिल्यांदा विमान तिरकं नव्हतं. सरळ येत होतं, आमच्याकडे न बघता, त्या शांततेच्या तोंडाकडे.

टॉवरमधलं सगळं बोलणं ध्वनिमुद्रित होतं. ते मोठे साहेब ऐकतात. मी बटण दाबलं. "ताई, उतरू नकोस ग. वर जा. मी सांगते म्हणून जा."

मग दोन्ही इंजिनांचा आवाज वाढला, नाक वर झालं, आणि विमान कुंपणाच्या खूप आधी वळून चढू लागलं. वळताना रेघेच्या पलीकडच्या वाऱ्याने त्याला एक धक्का दिला, पंख खाली गेला, वर आला. मी टेबलाची कड धरून उभी होते.

"चारशे बारा, फेरी," ताई म्हणाली. "आता एकदाच येता येईल, टॉवर. तोवर जागा करा." मग जरा थांबून, "शहाणे."

७

जे उतरलंय त्याला फेरी मारायला सांगता येत नाही. उतरलेल्या विमानाशी काय बोलायचं याचे ठरलेले शब्द आहेत: डावीकडे वळा, थांबा, अमुक जागी उभे राहा. त्यातला एकही उच्चारायची माझी छाती झाली नाही.

"मास्तरांना लावू फोन?" भाऊने विचारलं.

"दाढ काढतायत."

"मग काय करायचं?"

आमच्याकडे एक वाक्य आहे. एखादं विमान काय करतंय ते कळेनासं झालं, की कंट्रोलर रागावत नाही, अंदाज बांधत नाही. तो विचारतो. मला ते वाक्य पहिल्या वर्षापासून आवडत आलंय. त्यात शंका नाही आणि हुकूमही नाही. एका माणसाने दुसऱ्याला वाट द्यायची तयारी त्यात आहे. मी बटण दाबलं.

"धावपट्टीवर जे कुणी आहे, त्यांच्यासाठी टॉवर. आपला हेतू सांगा."

बटण सोडलं. स्पीकरमध्ये खरखर थांबली. कुणीतरी पलीकडे बटण दाबून धरलं की अशी थांबते. मी कान दिला. आधी काहीच नव्हतं. मग भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. मग खुर्चीची करकर. मग कुणाचा तरी श्वास, तोंडाने घेतलेला, घाबरलेला.

भाऊ तोंडाने श्वास घेत होता. त्याची खुर्ची करकरत होती. आमच्या घड्याळाची टिकटिक आधी भिंतीवरून येत होती आणि अर्ध्या क्षणाने स्पीकरमधून.

मग स्पीकरमध्ये एका बाईचा गळा भरून आल्यासारखा आवाज आला. तो ऐकू येण्याच्या अर्धा क्षण आधी माझा गळा भरून आला होता.

मला भीती वाटली का? वाटली. पण त्याच्यावर, त्याच्यापेक्षा कितीतरी मोठं, काहीतरी दुसरं होतं. लहानपणी पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा मी आईचा हात सोडून खाली बसले होते, तसं. एवढं मोठं काहीतरी इतकी वर्षं रोज येत होतं, 'नाही' ऐकत होतं आणि निमूट फेरी मारत होतं. आणि ज्या दिवशी 'हो' ऐकलं, त्या दिवशी उतरून आमचं ऐकत बसलं होतं.

"मॅडम, चारशे बारा सहा मैलांवर," भाऊ म्हणाला. स्पीकरही म्हणाला.

मी कोरी चिठ्ठी उचलली आणि निघणाऱ्या विमानांच्या रांगेत लावली. बोट ठेवलं. बटण दाबलं. मीटर वाचायला मान वळवली, तर मीटरवर शून्य. वाचण्यासारखा वाराच नव्हता, आणि वारा सांगितल्याशिवाय परवानगी पुरी होत नाही. मास्तरांनी ते वाक्य कधीच चालवून घेतलं नसतं.

"उड्डाणाला मोकळं आहे," मी म्हणाले. "वारा... वारा तुम्हीच सांगा."

टक्. टक्.

मीटरवर चार आले. मग नऊ. मग बावीस, चाळीस, एकाहत्तर. आमच्या मीटरला दोनच घरं आहेत. नव्याण्णववर ते थांबलं, कारण पुढे जायला त्याच्याकडे जागा नव्हती. काच एकदाही वाजली नाही. गवत उठून उभं राहिलं. आणि टॉवर, एकशे सहा पायऱ्यांचा दगडी टॉवर, लिफ्ट निघताना पायांना कळावं तेवढा हलला.

मग छतावरची शीळ सुरू झाली. मीटर: तेहतीस.

८

ताई उतरली. मी ते कसं सांगू? तेहतीस नॉटांत, तिरकी, माझ्याकडे बघत ती आली. झोताने डावा पंख उचलला, तिने तो दाबला. पुन्हा उचलला, पुन्हा दाबला. शेवटच्या क्षणी नाक वळलं, एक चाक टेकलं, निळसर धूर निघाला, दुसरं टेकलं. भाऊने टाळी वाजवली आणि लाजून हात खिशात घातले.

त्याला माइकवर बसवून मी खाली धावले. ताई टॉवरच्या पायथ्याशी उभी होती, टोपी काखेत, केस सगळे एका बाजूला.

"आधी मला सांग, तुला वेड लागलंय का?"

"ताई..."

"ताई काय ताई! बहात्तर माणसं! सगळ्या दुनियेला ऐकू जाईल असं ताई म्हणालीस! साहेब तुला फाडून खातील." ती थांबली. मग तिने मला जवळ ओढलं आणि तशीच धरून ठेवलं. "बरं झालं म्हणालीस," ती माझ्या केसांत म्हणाली.

"तुला काही दिसलं?"

"रिकामी धावपट्टी."

"आणि वर गेल्यावर? फेरी मारताना?"

तिने मला सोडलं. "बगळे दिसले. तुला दिसले का?"

"वर चढताना. कुंपणापासून. कशावरून तरी चढत होते."

"हं. मी त्यांना उतरताना पाहिलं." तिने टॉवरच्या मागे बोट केलं. वाहनतळ, कर्मचाऱ्यांची वसाहत, त्यापलीकडे पाण्याची उंच टाकी. "त्या टाकीच्याही मागे. तिथवर ते वरच होते. तिथून पुढे वाकून खाली आले आणि मग त्यांना वारा लागला."

मी टाकीकडे पाहिलं. मग कुंपणाकडे. दोन्हीच्या मधे टॉवर उभा होता.

"मला वाटलं ते धावपट्टीवर बसलंय," मी म्हणाले.

"धावपट्टी त्याच्या कोपऱ्यात होती," ताई म्हणाली. "तू मधे होतीस, शहाणे. तू आत होतीस." टोपी डोक्यावर चढवायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. "आत कसं होतं?"

"शांत," मी म्हणाले. "आणि आमचंच बोलणं आम्हाला ऐकू येत होतं."

"मग नीट बोलत जा," ताई म्हणाली. "साडेपाचला मला परत जायचंय."

९

पाच वाजता मास्तरांचा फोन आला. अर्धा जबडा बधिर. त्यांना कुणी कळवलं ते भाऊने कबूल केलं नाही.

"उतरू दिलंस?"

"हो, मास्तर. चुकून."

"आणि उठलं?"

"उठलं."

मग ते म्हणाले, "तीस वर्षं मला तीच धास्ती. उतरलं आणि उठलंच नाही तर." आणि मग, "काय म्हणालीस त्याला? नेमके शब्द सांग."

मी सांगितले. त्यांनी काहीच दुरुस्त केलं नाही.

साडेपाचला चारशे बारा धावपट्टीच्या टोकाशी येऊन उभं राहिलं. वारा पुन्हा चढला होता. सदतीस, एकोणचाळीस. पस्तीसखाली येईपर्यंत ताई हलू शकत नव्हती, आणि तो येण्याचं चिन्ह नव्हतं. ती न रागावता वाट बघत होती. पंखे फिरत होते, पंख थरथरत होते. तिच्यामागे अडुसष्ट नवी माणसं पट्टे बांधून बसली होती.

मी बटण दाबलं. कुणाचाही क्रमांक घेतला नाही, आणि या वेळी तो राहून गेला नव्हता.

"एक विमान जायचं आहे," मी म्हणाले. "कृपया थोडी वाट द्यावी."

भाऊने माझ्याकडे पाहिलं नाही. आम्ही दोघं मीटरकडे बघत होतो. एकोणचाळीस. एकतीस. चौदा. शून्य.

"चारशे बारा, वारा शांत. उड्डाणाला मोकळं आहे."

"चारशे बारा, निघतोय," ताई म्हणाली.

विमान धावलं. त्या मोसमात मी पहिल्यांदाच एक विमान सरळ धावताना पाहिलं. नाक समोर, पंख सपाट, रेषेवर रेष. ते सरळ उठलं. गवताचं एकही पातं हललं नाही. कुंपणापलीकडची झाडं मात्र कमरेत वाकली होती, आणि विमान त्यांच्यावरून गेलं तेव्हा ती झाडंही एकेक करून उभी राहिली. त्याच्या पुढे पुढे, वाट करत.

"मॅडम," भाऊ कुजबुजला. "बटण."

मी बटण दाबूनच धरलं होतं, पुन्हा कधी दाबलं ते मला आठवत नव्हतं. आमचं घड्याळ, भाऊची खुर्ची, माझा श्वास, सगळं बाहेर जात होतं, आणि बाहेर काहीतरी श्वास धरून ते ऐकत होतं. ताईचा दिवा लहान होत गेला, ढगाच्या कडेला पोचला, आत शिरला.

मग मी बटण सोडलं, आणि वारा आला.